पेशा आणि प्रतिष्ठा : गोल्फपटू हेन्री कॉटन



या स्मृतिव्याख्यानमालेचे निमंत्रण मला आले तेव्हा आनंद झाला आणि थोडा संकोचही वाटला. आनंद अशासाठी, की मी याच शाळेचा विद्यार्थी, आणि पुढे दोन वर्षे याच शाळेत शिक्षकही होतो. संकोचाचे कारण मी शेवटी सांगेन. चिटणीसांनी दूरध्वनीवरून विषय विचारला. मी म्हणालो, ‘हेन्री कॉटन.’ क्षणभर शांतता झाली आणि मग अदबीने प्रश्न आला, ‘सर, हे कोणी ख्रिस्ती संत होते का?’ त्यांचे चुकले नाही. ज्याने जन्मभर संतवाङ्मय शिकवले त्याने इंग्लंडमधल्या एका गोल्फपटूविषयी बोलावे, ही अपेक्षा कोण करील? म्हणून या विषयापर्यंत मी कसा आलो ते आधी सांगितले पाहिजे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत त्या आपल्या ड्रिल सरांनी १९६०च्या दशकात मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, मालमोटारीचा एक जुना टायर आणून ठेवला होता. हॉकी खेळणाऱ्या मुलांना ते रोज त्या टायरवर काठीने फटके मारायला लावीत. आधी दोन्ही हातांनी, मग नुसत्या उजव्या, मग नुसत्या डाव्या. आम्हाला ते हास्यास्पद वाटे. ‘सर टायरला शिक्षा करतात’ असा विनोद वर्गात प्रचलित होता. सर गेल्यानंतर त्यांच्या घरी मला त्यांची एक वही पाहायला मिळाली. तीत महूच्या छावणीतून रद्दीत आलेल्या कुठल्याशा इंग्रजी साप्ताहिकातले एक चित्र कापून चिकटवलेले होते. एक नीटनेटका, टापटिपीचा गृहस्थ हातातल्या काठीने मोटारीच्या टायरवर आघात करतो आहे. चित्राखाली नाव होते, हेन्री कॉटन. सरांनी शेजारी देवनागरीत एवढेच लिहिले होते : ‘हातांना शिकवावे लागते.’

त्या एका ओळीने मला या माणसाच्या मागे लावले. गेली काही वर्षे मी त्याच्याविषयी मिळेल ते वाचत आलो. परक्या खेळाडूचा उल्लेख मराठीत आपण एकेरी करतो, तसाच मीही करणार आहे. त्यात अनादर नाही, जवळीक आहे.

गोल्फ हा खेळ येथे अनेकांनी पाहिलेला नसेल, म्हणून दोन शब्द. विस्तीर्ण गवताळ मैदानात दूरदूर अठरा छोटी भोके असतात. एक टणक, लहानसा चेंडू वेगवेगळ्या काठ्यांनी टोलवीत क्रमाने प्रत्येक भोकात घालायचा. ज्याला सर्वांत कमी फटके लागतील तो जिंकला. अठरा भोकांची एक फेरी, आणि मोठ्या स्पर्धेत अशा चार फेऱ्या. ब्रिटनमधली सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे ‘ओपन’. १८६० साली ती सुरू झाली. ओपन म्हणजे खुली. हौशी आणि व्यावसायिक अशा दोघांनाही ती खुली होती.

मात्र मैदानावर खुली असलेली ही स्पर्धा क्लबच्या इमारतीत खुली नव्हती. हौशी खेळाडू म्हणजे घरचा खाऊनपिऊन सुखी, करमणुकीसाठी खेळणारा सद्गृहस्थ. व्यावसायिक म्हणजे पोटासाठी खेळणारा. तो क्लबच्या सभासदांना खेळ शिकवी, त्यांच्या काठ्या दुरुस्त करी, एका लहानशा दुकानवजा खोलीत चेंडू विकी. बहुतेक व्यावसायिक लहानपणी सभासदांच्या पिशव्या वाहणारे पोरगे, म्हणजे कॅडी, असत आणि त्यातूनच वर आलेले असत. त्यांच्या हातात कितीही कसब असले तरी क्लबहाऊसचा पुढचा दरवाजा त्यांच्यासाठी नसे. स्पर्धेच्या निकालपत्रकातही हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ लिहीत. व्यावसायिकाचे नाव नुसतेच असे. क्रिकेटच्या धावफलकात हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत आणि व्यावसायिकाची आडनावानंतर. इंग्लिश क्रिकेटने हा भेद मोडला तो १९६२ साली.

भाषेचा विद्यार्थी म्हणून मला हे फार बोलके वाटते. समाजाची उतरंड अनेकदा एखाद्या उपपदात लपलेली असते. आपल्याच भाषेत पाहा. ‘व्यावसायिक’ हा शब्द आपण आज सन्मानाने वापरतो. पण त्याच अर्थाचा ‘धंदेवाईक’ हा शब्द उच्चारताना ओठ किंचित वाकडे होतात.

अशा काळात २६ जानेवारी १९०७ रोजी चेशायर परगण्यातील होम्स चॅपेल या गावी हेन्री कॉटनचा जन्म झाला. कुटुंब सुखवस्तू होते. लंडनच्या दक्षिण भागातील ॲलेन्स या चांगल्या शाळेत तो शिकला. तिथे तो क्रिकेट उत्तम खेळे. पण एका सामन्यानंतर संघाचे सामान धाकट्या मुलांनी वाहून आणावे, असे मोठ्या मुलांनी ठरवले. हेन्रीने तक्रार केली. उर्मटपणाबद्दल छडी खावी असा हुकूम झाला आणि त्याने छडी घ्यायला नकार दिला. परिणामी शाळेचे क्रिकेट बंद झाले. मग मी गोल्फ खेळेन, असे म्हणून तो पोरगा गोल्फकडे वळला, अशी हकीकत त्याच्या चरित्रात येते. तिच्यात त्याचा सगळा स्वभाव आलेला आहे. दुसऱ्याचे ओझे वाहायला त्याची ना नसती. पण ते वाहणे हा आपला जन्मसिद्ध दर्जा आहे, हे मानायला तो तयार नव्हता.

सतराव्या वर्षी, १९२४ साली, त्याने व्यावसायिक व्हायचे ठरवले. त्या काळी ही गोष्ट विपरीतच होती. चांगल्या शाळेतला मुलगा हौशी म्हणून खेळू शकला असता, सद्गृहस्थांच्या पंक्तीला बसू शकला असता. तो आपण होऊन मागच्या दाराच्या रांगेत जाऊन उभा राहिला. लंडनजवळच्या फुलवेल क्लबात त्याने सहायक म्हणून उमेदवारी केली आणि एकोणिसाव्या वर्षी लँगली पार्क येथे मुख्य व्यावसायिकाची जागा मिळवली. सराव किती करावा, याला त्याच्यापाशी मर्यादा नव्हती. अंधार पडेपर्यंत चेंडू मारायचे आणि बोटे सोलवटून निघाली तरी थांबायचे नाही, असा त्याचा परिपाठ होता.

एकविसाव्या वर्षी, १९२८ साली, तो स्वतःच्या पैशाने अमेरिकेला गेला. त्या वेळी इंग्लंडचे गोल्फ अमेरिकेपुढे निष्प्रभ झाले होते. १९२३ साली आर्थर हेवर्स या इंग्रजाने ओपन जिंकली. पुढच्या दहा स्पर्धांपैकी एकही इंग्लंडमध्ये राहणाऱ्या खेळाडूला जिंकता आली नाही. चषक दरवर्षी अटलांटिक ओलांडून जाई. हे कसे घडते, ते कॉटनला प्रत्यक्ष पाहायचे होते. तो त्यांचे फटके शिकला. आणि तिथले व्यावसायिक ताठ मानेने कसे वावरतात, हेही त्याने पाहिले.

या ताठ मानेचा आदर्श वॉल्टर हेगन हा होता. १९२० साली इंग्लंडमध्ये डील येथे तो ओपन खेळायला आला, तेव्हा व्यावसायिकांना क्लबहाऊसमध्ये कपडे बदलण्याची परवानगी नव्हती. हेगनने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, ती क्लबहाऊसच्या ऐन दारात उभी केली आणि तिच्यातच कपडे बदलले. त्याच वर्षी अमेरिकेत इन्व्हर्नेस या क्लबाने व्यावसायिकांना आपले दार उघडले, तेव्हा त्याच्याच पुढाकाराने खेळाडूंनी वर्गणी काढून त्या क्लबाला एक भलेमोठे घड्याळ भेट दिले. अपमानाला त्याने थाटाने उत्तर दिले आणि सौजन्याची परतफेड कृतज्ञतेने केली. कॉटनने त्याच्याकडून थाट घेतला आणि त्याला शिस्तीची जोड दिली.

मात्र ताठ मानेची किंमत द्यावी लागतेच. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातील रायडर कपच्या सामन्यांत कॉटन १९२९ साली पहिल्यांदा खेळला. १९३१चे सामने अमेरिकेत होते. संघाने एकत्र जावे आणि एकत्रच परतावे, असा नियम होता. कॉटनचे म्हणणे, सामन्यांनंतर मला तिथे राहून आणखी खेळायचे आहे आणि माझी कमाई माझी मला ठेवायची आहे. संघटना आपला नियम सोडीना, हाही हट्ट सोडीना. अखेर तो संघाबाहेर राहिला. पुढे बेल्जियममध्ये वॉटर्लू येथील क्लबात त्याने नोकरी धरली, तिथे त्याला मान होता. पण परदेशात राहणाऱ्याला संघात जागा नाही या नियमामुळे १९३३ आणि १९३५ ही रायडर कपची दोन्ही वर्षे गेली. तो स्वार्थी आहे, घमेंडखोर आहे, देशापेक्षा पैसा मोठा मानतो, अशी टीका होत राहिली. ती सगळी खोटी होती असे मी म्हणणार नाही. तो एकलकोंडा होता, सहकाऱ्यांत मिसळत नसे आणि आपली किंमत पूर्णपणे ओळखून होता. पण कसबाचे मोल मागणे हा लोभ आणि फुकट खेळू शकणे हे थोरपण, हा न्याय ज्यांच्या घरी सुबत्ता असते त्यांनाच सोयीचा असतो, एवढे मला नक्की वाटते.

आता १९३४ सालाकडे येऊ. स्थळ केंट परगण्यातील सँडविच, रॉयल सेंट जॉर्जेस हे समुद्रकाठचे मैदान. पहिल्या दिवशी कॉटनने ६७ फटक्यांत फेरी संपवली. दुसऱ्या दिवशी ६५. त्या काळच्या काठ्या आणि चेंडू लक्षात घेता ही संख्या अविश्वसनीय होती. दोन फेऱ्यांच्या १३२ फटक्यांचा हा उच्चांक मोडायला १९९२ साल उजाडावे लागले; तो मोडला निक फाल्डोने. त्या ६५ची कीर्ती एवढी झाली, की डनलॉप कंपनीने आपल्या चेंडूचे नावच ‘डनलॉप ६५’ ठेवले.

शेवटच्या दिवशी तेव्हा दोन फेऱ्या असत. सकाळच्या ७२ फटक्यांनंतर कॉटन दहा फटक्यांनी पुढे होता. आता विजय हातात आला, असे सगळ्यांना वाटले. दुपारी गर्दी आवरण्यासाठी खेळ पंधरा मिनिटे लांबवला. ती पंधरा मिनिटे हा गृहस्थ एका तंबूत एकटा बसून राहिला. पोटात कळा येऊ लागल्या, अंगाला घाम फुटला. बाहेर आला तो जणू दुसराच माणूस. पहिली नऊ भोके त्याने कशीबशी ४० फटक्यांत पार केली आणि पुढेही घसरण थांबेना. दहा वर्षे एका देशाने ज्याची वाट पाहिली ते सर्वांच्या डोळ्यांदेखत निसटू लागले होते. अखेर तो सावरला. शेवटची फेरी ७९ची झाली, एकूण २८३. दक्षिण आफ्रिकेच्या सिड ब्रूजवर पाच फटक्यांनी विजय.

६५ फटक्यांची फेरी ही सिद्धी होती, यात शंका नाही. पण विद्यार्थी मित्रहो, मला त्याहून ती ७९ची फेरी अधिक शिकवून जाते. सर्व काही जुळून आलेले असताना उत्तम खेळणे ही एक गोष्ट. आणि पोटात कळा येत असताना, हात आपले ऐकत नसताना, कोसळणे थांबवून शेवटपर्यंत चालत जाणे ही दुसरी. तिथे प्रतिभा उपयोगी पडत नाही. वर्षानुवर्षे शिकवलेले हात उपयोगी पडतात.

त्या दिवसाचा आणखी एक प्रसंग सांगतो. सहा वेळा ओपन जिंकणारे वृद्ध हॅरी व्हार्डन सँडविचला आले होते, पण आजारपणामुळे हॉटेलच्या खोलीतच पडून होते. कॉटन चषक घेऊन त्यांच्या खोलीत गेला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. ज्याला जग घमेंडखोर म्हणत होते तो विजयाच्या दिवशी आपल्या पेशातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या पायाशी जातो, ही गोष्ट त्याच्याविषयीचे मत बनवताना विसरता कामा नये.

१९३७ साली स्कॉटलंडमध्ये कार्नुस्टी येथे त्याने दुसऱ्यांदा ओपन जिंकली. त्या वेळी अमेरिकेचा अख्खा रायडर कप संघ, म्हणजे बायरन नेल्सन, सॅम स्नीड, जीन सॅराझन हे सगळे, मैदानात होते. शेवटच्या दिवशी मुसळधार पाऊस होता, मैदानावर पाणी साचत होते. अशा पावसात कॉटनने ७१ फटक्यांची फेरी केली आणि एकूण २९० फटक्यांवर, रेज व्हिटकोमला दोन फटक्यांनी मागे टाकून, विजय मिळवला. अमेरिकन गैरहजर होते म्हणून जिंकला, असे म्हणायला आता कोणाला जागा उरली नाही.

त्यानंतर त्याने केलेली एक गोष्ट शिष्टांना रुचली नाही. लंडनच्या कोलिझियम नाट्यगृहात, गवई आणि विदूषक यांच्याबरोबरीने, रंगमंचावर गोल्फचे फटके मारून दाखवण्याचा कार्यक्रम त्याने केला. पण पाहायला आलेल्या सामान्य माणसांपैकी कितीजणांना एरवी गोल्फच्या मैदानात कोणी उभे केले असते? रेशमी सदरे, उंची मोटार, नामांकित हॉटेलातला मुक्काम या त्याच्या थाटामागेही हाच विचार असावा. क्लबहाऊसचा दरवाजा उघडण्याची विनंती करीत राहण्यापेक्षा, हा माणूस दाराबाहेर उभा आहे याची दारावरच्यांनाच लाज वाटावी, असे त्याने जगायचे ठरवले. १९३९ साली त्याचा विवाह झाला. ‘टूट्स’ या नावाने ओळखली जाणारी त्याची पत्नी अर्जेंटिनाच्या एका धनाढ्य घराण्यातली, फटकळ आणि खंबीर होती. मैदानावर ती त्याच्या मागोमाग चाले आणि तो वाईट खेळला तर सर्वांत कडक टीका तिचीच असे.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० ते १९४५ अशी सहा वर्षे ओपन झाली नाही. तेहतीस ते अडतीस ही त्याची ऐन उमेदीची वर्षे. तो हवाईदलात दाखल झाला, प्रकृतीमुळे बाहेर पडला आणि रेडक्रॉसच्या मदतीसाठी ठिकठिकाणी प्रदर्शनी सामने खेळून त्याने मोठा निधी जमवला. पैशाचा लोभी म्हणून ज्याची निंदा झाली त्याची ही दुसरी बाजू. १९४८ साली, एकेचाळिसाव्या वर्षी, म्यूरफील्ड येथे त्याने तिसऱ्यांदा ओपन जिंकली. राजे सहावे जॉर्ज प्रेक्षकांत असताना त्याने दुसरी फेरी ६६ फटक्यांत पूर्ण केली. एकूण २८४, आणि आधीच्या वर्षीचा विजेता फ्रेड डेली पाच फटके मागे.

याच सुमारास दुसरा एक इंग्रज व्यावसायिक आपल्या इंदूरशी जोडला गेला होता. डेनिस कॉम्प्टन हा क्रिकेटपटू युद्धकाळात लष्करी नोकरीनिमित्त महूला होता. १९४५च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून खेळताना मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ धावा केल्या. संघ हरला, पण ती खेळी माझ्या वडिलांच्या पिढीने आयुष्यभर मनात जपली. मायदेशी ज्याची आद्याक्षरे आडनावानंतर छापली जात तो इथे कर्नल सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्या संघात होता, आणि या संघात कोण हौशी, कोण पोटासाठी खेळणारा, असा सवाल नव्हता. कारण होळकरांनी आपल्या खेळाडूंना नोकऱ्या आणि हुद्दे देऊन त्यांची उदरनिर्वाहाची चिंता मिटवली होती.

मात्र आपली पाठ आपण थोपटून घेऊ नये. पुण्याच्या मैदानावर पळवणकर बाळू यांची गोलंदाजी सर्वांना हवी होती, १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. कॉटनला अडवणारा दरवाजा वर्गाचा होता, बाळूंना अडवणारा जातीचा. दोन्हींची तुलना करणे योग्य नाही, कारण वर्ग बदलता येतो. कॉटनने तर तो आपण होऊन बदलला होता. पण हात हवेत आणि हातांचा धनी नको, ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच दिसते.

उत्तरायुष्यात कॉटन शिक्षक झाला. त्याचा सिद्धांत साधा होता. शरीर कसे वळवावे याची चर्चा सगळे करतात. पण चेंडूशी अखेर गाठ पडते ती काठीची, आणि काठी असते हातांत. म्हणून आधी हात तयार करा. त्यासाठी तो टायर. जमिनीवर पडलेल्या टायरवर काठी आपटली, की ती जागच्या जागी थांबते. आघाताच्या क्षणी मनगट ढिले असेल तर लगेच कळते. आणि रोजच्या सरावाने हातांना तो क्षण ओळखीचा होतो. महागडी साधने नकोत, मोठे मैदान नको. गरिबाच्या मुलालाही परवडेल असा हा उपाय आहे. आपल्या सरांच्या नजरेने नेमका तोच हेरला. शाळकरी मुलांना गोल्फ शिकवण्यासाठी १९५२ साली इंग्लंडमध्ये जी ‘गोल्फ फाउंडेशन’ संस्था निघाली तिच्या उभारणीतही कॉटनचा वाटा होता.

पोर्तुगालच्या दक्षिणेस पेनिना येथे भाताच्या दलदलीच्या सपाट शेतांवर त्याने एक सुंदर मैदान उभे केले. ते १९६६ साली खुले झाले. पाणी शोषून घ्यावे म्हणून त्याने तिथे झाडेच झाडे लावली. म्हातारपणी तो तिथेच राहून शिकवी आणि त्याच्या काठ्यांची पिशवी पाठीवर वाहायला पॅसिफिको नावाचे एक गाढव असे. सामान वाहण्यावरून ज्याने शाळेत बंड केले त्याने अखेरीस या कामासाठी एक निरुपद्रवी सोबती शोधला, असे म्हणायला हरकत नाही.

त्याच्या हट्टाचे फळ पुढच्यांना मिळाले. १९८३ साली टोनी जॅकलिनने रायडर कपचे कर्णधारपद स्वीकारताना, माझे खेळाडू उत्तम विमानाने जातील, उत्तम कपडे घालतील, त्यांना दुय्यम वागणूक मिळणार नाही, अशा अटी घातल्या आणि त्या मान्य झाल्या. त्याच्या संघाने १९८५ साली अमेरिकेला हरवले आणि १९८७च्या सप्टेंबरात तर अमेरिकेच्याच भूमीवर हरवले. त्याच वर्षी जुलैत निक फाल्डोने म्यूरफील्डला, म्हणजे कॉटनच्या तिसऱ्या विजयाच्या मैदानावर, ओपन जिंकली. हे सगळे कॉटनच्या हयातीत घडले. २२ डिसेंबर १९८७ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. नववर्षाच्या सन्मानांच्या यादीत त्याला ‘सर’ ही पदवी द्यायचे ठरले होते आणि त्याने ती स्वीकारल्याचे कळवलेही होते. यादी प्रसिद्ध झाली तेव्हा तो या जगात नव्हता. ज्याच्या पेशातल्या माणसांच्या नावाआधी एके काळी ‘मिस्टर’सुद्धा लिहीत नव्हते त्याच्या नावाआधी ‘सर’ आले. पण ते वाचायला तो उरला नव्हता.

आता माझ्या संकोचाचे कारण.

१९७२ साल असावे. मी नुकताच एम.ए. होऊन या शाळेत लागलो होतो. अक्षर चांगले म्हणून स्नेहसंमेलनाचा कार्यक्रमफलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. शिक्षकांची नावे मी ओळीने लिहिली, प्रत्येकाच्या आधी ‘श्री.’ किंवा ‘सौ.’ आणि पुढे पदव्या. सर्वांत शेवटी ड्रिल सरांचे नाव. त्यांच्यापुढे लिहायला पदवी नव्हती. आणि का कोण जाणे, त्यांच्या नावाआधी मी ‘श्री.’ही लिहिले नाही. कोणी सांगितले नव्हते. विसरलोही नव्हतो. माझ्या हाताला तसेच वळण लागलेले होते. मुले त्यांना ‘सर’ म्हणत, पण आम्ही शिक्षक आपापसांत ‘ड्रिलमास्तर’ म्हणत असू. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची दाराजवळ असे आणि तशी ती का, हे कोणी कधी विचारले नव्हते. सर फलकापाशी आले, त्यांनी तो वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो.’ एवढेच म्हणून ते मैदानाकडे निघून गेले.

मी त्या वेळी संतवाङ्मय शिकवीत होतो. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. या संतांनी आपला धंदा आपल्या नावातून पुसला नाही, उलट त्याच्यातच देव पाहिला, असे मी वर्गात रंगवून सांगे. आणि त्याच हाताने मी एका कसबी माणसाच्या नावाआधीचे एक अक्षर गाळले होते. सरांच्या वहीतली ती ओळ मी वाचली तेव्हा मला वाटले, हातांना शिकवावे लागते हे फक्त हॉकीच्या काठीबद्दल खरे नाही. लेखणी धरणाऱ्या हातांनाही शिकवावे लागते.

सरांची क्षमा मागायचे मी अनेकदा ठरवले आणि दर वेळी पुढे ढकलले. आज या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्यांच्या नावाआधी ‘कै.’ छापलेले आहे. ‘श्री.’ लिहिण्याची संधी मी गमावली, ती आता परत येणार नाही. इंग्लंडने कॉटनला ‘सर’ म्हणायला फार उशीर केला. आपल्या मुलांनी तो केला नाही. उशीर केला तो आम्ही शिकलेल्यांनी.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे. शाळेत जो हातांनी शिकवतो, मग तो चित्रकलेचा असो, शिवणाचा असो, सुतारकामाचा किंवा खेळाचा असो, त्याची खुर्ची दाराजवळ आहे का, एवढे उद्या सकाळी पाहा. आणि मुलांनो, जे काम तुम्ही पोटासाठी कराल ते इतके चोख करा, की त्याचे मोल मागताना तुमची मान खाली जाणार नाही.

 सरांच्या स्मृतीस वंदन करून मी येथेच थांबतो.